आवाज वाढवू नका, खोली बदला

नमस्कार श्रोतेहो.

लग्नाचा हॉल. मंगलाष्टकं चालू आहेत. भटजींच्या तोंडाशी माइक आहे, दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे स्पीकर आहेत, आणि तिसऱ्या रांगेतल्या पाहुण्यांना ‘सावधान’ सोडून एक शब्द कळत नाही. मग कोणीतरी काका उठतात आणि साउंडवाल्याला हाताने खूण करतात, वाढव. तो वाढवतो. आता ‘सावधान’ही कळेनासं होतं.

गोव्यात फोंड्यापासून काणकोणापर्यंत हे चित्र तुम्ही पाहिलं असेल. तिथे आवाज कमी पडलेला नसतो, तो संपत नसतो. खाली गुळगुळीत टाइल्स, बाजूला प्लास्टरच्या भिंती आणि काच, वर पत्रा. भटजींच्या तोंडून निघालेलं अक्षर या सगळ्यांवर आपटत फिरत राहतं आणि पुढचं अक्षर त्याच्यावर येऊन पडतं. मोठ्याने बोललं तर दोन्ही अक्षरं मोठी होतात, गुंता तेवढाच राहतो.

या घुमण्याचं गणित 1895 साली सुरू झालं. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग कला संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात प्राध्यापकांचं बोलणं कोणालाच कळेना. काम आलं वॉलेस सॅबिन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे. त्याने ऑर्गनची एक नळी वाजवायची, बंद करायची आणि आवाज पूर्ण विरायला किती सेकंद लागतात ते मोजायचं, असा धोशा लावला. रात्री जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांवरच्या गाद्या आणून पसरायच्या, पुन्हा मोजायचं, आणि सकाळच्या आत गाद्या जागेवर. त्यातून सूत्र निघालं: खोलीचं घनफळ जितकं जास्त तितका आवाज जास्त वेळ रेंगाळतो, आणि आवाज शोषणारा पृष्ठभाग जितका जास्त तितका लवकर विरतो. डेसिबल हे आवाजाची पातळी मोजायचं एकक. आवाज साठ डेसिबलने उतरायला लागणारा वेळ, हे त्याचं माप आजही जगभर वापरतात.

हे सूत्र आपल्याकडच्या एका रेस्टॉरंटला लावून पाहू. बारा मीटर लांब, आठ मीटर रुंद, साडेतीन मीटर उंच. घनफळ 336 घनमीटर. सगळे पृष्ठभाग टणक, म्हणजे प्रत्येक आपटीला आवाजाचे फार तर पाच टक्के शोषले जातात असं धरा. रिकाम्या हॉलमध्ये आवाज रेंगाळतो सव्वातीन सेकंद. आता फक्त छताला, सत्तर टक्के आवाज शोषणाऱ्या टाइल्स लावा. भिंतींना, लादीला हात लावू नका. तोच वेळ पाऊण सेकंदाच्याही खाली येतो. एवढ्याने हॉलमधला एकूण गोंगाट सुमारे सात डेसिबलने उतरतो.

आणि प्रत्यक्षात त्याहूनही जास्त, कारण माणूस. आजूबाजूला गोंगाट असला की आपण नकळत आवाज चढवतो. लोम्बार नावाच्या फ्रेंच कान-घसा तज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे नोंदवून ठेवलं. पहिलं टेबल आवाज चढवतं, म्हणून दुसरं चढवतं, म्हणून मालक गाणी वाढवतो, म्हणून पहिलं टेबल पुन्हा चढवतं. छत सुधारलं की ही चढाओढ सुरूच होत नाही.

इथे एक गल्लत फार होते. ‘आम्ही फॉल्स सीलिंग केलंय की,’ मालक सांगतात. ते साध्या, सलग जिप्सम बोर्डाचं असतं. दिसायला सुंदर, पण आवाजाला ते प्लास्टरच्या छताइतकंच टणक. शोषायला पृष्ठभाग सच्छिद्र लागतो: मिनरल फायबर, ग्लासवूल म्हणजे काचेच्या तंतूंची लोकर, किंवा मागे ग्लासवूल भरलेला भोकांचा बोर्ड. गोव्यात मात्र कॅटलॉग बघून माल मागवू नका. स्वस्तातल्या मिनरल फायबरच्या टाइल्स आपल्या पावसाळ्यात, एसी बंद असलेल्या दिवसांत, पोटाकडून लोंबायला लागतात आणि त्यांना बुरशी धरते. दमटपणा सोसणारा माल मागून घ्यावा लागतो. सिमेंटमध्ये बांधलेल्या लाकडाच्या तंतूंचे बोर्ड मिळतात. दिसायला राकट, पण ओल सोसतात. माझं मत विचाराल तर लग्नाच्या हॉलला तेच शोभतात.

पत्र्याच्या छताचं दुखणं वेगळं. मिरगाचा पाऊस कोसळला की पत्रा स्वतःच ढोलासारखा वाजायला लागतो. त्याखाली नुसता शोषणारा थर पुरत नाही. पत्र्याखाली ग्लासवूल आणि त्याखाली वजनदार बोर्डाचं छत, असं दोन्ही लागतं.

या वजनापाशी आपण दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. आतापर्यंत बोललो ते खोलीतला आवाज खोलीतच विरवण्याबद्दल. तो पलीकडे जाऊ न देणं हे निराळं काम आहे, आणि बाजारात या दोन कामांची सर्रास अदलाबदल होते. शेजारच्या जिमचा आवाज येतो म्हणून भिंतीला स्पंज चिकटवतात. स्पंजातून हवा जाते, तशीच ध्वनिलहरही जाते. अडवायला जडपणा हवा. भिंतीचं वजन दुप्पट केलं तर साधारण पाच-सहा डेसिबल जास्त अडतात. आपली जुनी जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत या बाबतीत फार गुणी.

पण त्याच जुन्या घराचं छप्पर बघा. पणजीच्या फोन्तेन्यासमध्ये, आसगावात अशा घरांतून आता कॅफे आणि ऑफिसं आहेत. आतल्या भिंती एका उंचीवर संपतात, वर सगळ्या खोल्यांवर मिळून एकच कौलारू छप्पर. हवा खेळावी म्हणून केलेली ती सोय. कुटुंबाला एकमेकांची हाक ऐकू गेली तर बिघडत नव्हतं. तिथे वकिलाची केबिन थाटली की पक्षकाराची फिर्याद बाहेरच्या बाकावर पोचते.

नव्या इमारतींतही नेमकी हीच चूक होते, फक्त ती फॉल्स सीलिंगच्या वर लपलेली असते. डॉक्टरांच्या केबिनचं पार्टिशन सीलिंगपाशी थांबतं, स्लॅबपर्यंत जात नाही. आवाज टाइलमधून वर जातो आणि पलीकडे उतरतो. भिंतीच्या क्षेत्रफळाचा शंभरावा भाग जरी उघडा राहिला, तरी ती भिंत कितीही जाड असो, वीस डेसिबलच्या वर अडवू शकत नाही. दाराखालची फट, दोन्ही बाजूंनी पाठीला पाठ लावून बसवलेले स्विचबोर्ड, दोन खोल्यांना जोडणारा एसीचा डक्ट, या सगळ्या त्याच वाटा. स्लॅबपर्यंत पार्टिशन, दोन्हीकडे दुहेरी बोर्ड, मध्ये रॉकवूल, दाराला रबरी पट्टी. इंटिरियरच्या वेळी याचा खर्च सोसवतो. रोगी बाहेर बसून दुसऱ्याच्या मूळव्याधीची हकिगत ऐकायला लागल्यावर तेच काम करायचं तर निम्मं सीलिंग उतरवावं लागतं.

गच्चीवरचे पंप, एसीचे आउटडोअर युनिट, जनरेटर यांचा आवाज हवेतून कमी आणि काँक्रीटमधून जास्त येतो. यंत्र थेट स्लॅबवर बोल्टने आवळलं की तिसऱ्या मजल्यावरच्या उशीला गुणगुण लागते. यंत्राखाली योग्य मापाच्या स्प्रिंग किंवा रबराच्या गाद्या आणि पाइपला लवचीक जोड, एवढ्यावर बरंच भागतं. भिंती जाड करून यात काही मिळत नाही.

ठेक्याच्या संगीताचं तर विचारूच नका. ठेक्यातल्या खर्जाच्या, म्हणजे सेकंदाला शंभर कंपनांच्या (शंभर हर्ट्झच्या) लहरीची लांबी जवळपास साडेतीन मीटर असते. दोन इंचांचा स्पंज तिला दिसतसुद्धा नाही. कौलं, बांबूच्या चटया आणि उघडा समुद्र अशा शॅकमधून हा ठेका अडवण्याचा बांधकामातला उपाय नाही. तिथे उपाय एकच, बटण.

आता कायद्याचं थोडक्यात. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत. व्यापारी भागात दिवसा 65 आणि रात्री 55 डेसिबल, निवासी भागात 55 आणि 45. रात्र म्हणजे दहा ते सहा. 1000 केव्हीएपर्यंतच्या नव्या जनरेटरला, त्याच्या पेटीपासून एक मीटरवर, 75 डेसिबलची मर्यादा आहे. खासगी जागेतल्या साउंड सिस्टिमचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर भागाच्या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून जास्त चढता कामा नये. आणि मर्यादा दहा किंवा अधिक डेसिबलने ओलांडली गेली, तर नागरिकाला तक्रार करता येते. मोबाइलवरचं अ‍ॅप अंदाजापुरतं ठीक. तक्रारीच्या वेळी प्रमाणित मीटरचाच आकडा चालतो.

हे आकडे मात्र फक्त बाहेरच्या आवाजाचे. हॉलच्या आत अक्षर किती सेकंद रेंगाळावं, केबिनच्या पार्टिशनने किती अडवावं, यासाठी 2016 च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या आठव्या भागात ध्वनीवर स्वतंत्र प्रकरण आहे. तुमच्या आर्किटेक्टला ते माहीत असतं. तुम्ही विचारलंत, तर तो ते उघडतो.

नमस्कार.