टस्कीगीचा शेरीफ

[दृश्य: अलाबामा राज्य, टस्कीगी गावाचा चौक. मधोमध उंच चौथऱ्यावर दगडी सैनिक. मागे कोर्टाची जुनी इमारत.]

निवेदन:

टस्कीगी. हे नाव मराठी घरांत कार्व्हरमुळे पोचलं. भुईमुगावर आणि रताळ्यावर आयुष्य वेचणारे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर याच गावातल्या संस्थेत शिकवायचे. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी 1881 मध्ये उभी केलेली ही संस्था. आज आपण त्याच गावातल्या आणखी एका माणसाला भेटणार आहोत. त्याचं नाव लुशियस अ‍ॅमरसन. तो शेरीफ होता.

शेरीफ म्हटलं की आपल्याला मुंबईचे नगरपाल आठवतात. मानाचं पद, वर्षभराची मुदत, अधिकार नावापुरते. अमेरिकेतल्या काउंटीचा शेरीफ फार वेगळा. काउंटी म्हणजे अंदाजे आपला तालुका धरा. तिथले मतदार बहुतेक ठिकाणी चार वर्षांसाठी शेरीफ निवडून देतात. तुरुंग त्याच्या ताब्यात असतो. कोर्टाची समन्स तो बजावतो. गावाबाहेरच्या वस्तीवर रात्री-अपरात्री काही घडलं, तर गाडी त्याचीच येते.

ती गाडी दारात उभी राहिली की धीर यावा की धडकी भरावी? टस्कीगी ज्या मेकन काउंटीत येतं, तिथल्या कृष्णवर्णीय घरांत पिढ्यान् पिढ्या धडकीच भरत आली होती. काउंटीत बहुसंख्य तेच होते, पण मतदारयादीत त्यांची नावं नव्हती.

[दृश्य: टस्कीगीचा नकाशा. आधी चौकोन, मग वेडावाकडा आकार.]

नावं नव्हती, कारण ती येऊच दिली जात नव्हती. टस्कीगीत डॉक्टर होते, प्राध्यापक होते, विमानं उडवलेले सैनिक होते. तरीही साक्षरतेच्या चाचणीत त्यांना नापास केलं जाई. अर्ज केलाच, तर ओळख द्यायला आधीपासून यादीत असलेला मतदार आणा म्हणत. कधी नोंदणी मंडळाची बैठकच भरत नसे. एवढं करूनही चारेकशे कृष्णवर्णीयांची नावं यादीत आली, तेव्हा 1957 मध्ये राज्याने गावाची हद्दच बदलली. चौकोनी गाव अठ्ठावीस बाजूंचं झालं. त्या चारशेंपैकी हद्दीच्या आत उरले चार की पाच जण. हा नकाशा मी पुन्हा पुन्हा पाहते. कुणीतरी टेबलाशी बसून, पेन्सिलीने, एकेक घर टाळत ही रेघ ओढली असेल.

समाजशास्त्राचे अध्यापक चार्ल्स गोमिलियन कोर्टात गेले. 1960 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने कौल दिला. पुढच्याच वर्षी न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांनी मेकन काउंटीच्या नोंदणी अधिकाऱ्यांना फटकारलं आणि नावं नोंदवायला भाग पाडलं. मग 1965 चा मतदान हक्क कायदा आला. यादी भरत गेली.

[दृश्य: 1966. रात्र. पेट्रोल पंपाचा जळता दिवा.]

3 जानेवारी 1966. एकवीस वर्षांचा विद्यार्थी सॅमी यंग पेट्रोल पंपावर थांबला. तो नौदलातून परतलेला, मतदार नोंदणीसाठी गावोगाव हिंडणारा मुलगा. पंपावरचं स्वच्छतागृह फक्त गोऱ्यांसाठी होतं. त्यावरून वाद झाला आणि पंपावरच्या माणसाने त्याला गोळी घातली.

त्याच वर्षी लुशियस अ‍ॅमरसनने शेरीफपदाची निवडणूक लढवायचं ठरवलं. वय बत्तीस. कोरियन युद्धाच्या काळात सैन्यात होता, आणि आता माजी सैनिकांच्या रुग्णालयात टपालाचं काम करत होता. गावातल्या सगळ्याच जाणत्यांना हे रुचलं नाही. गोऱ्यांना एवढ्यात बिथरवू नये, हळूहळू जावं, असं काहींचं मत होतं. त्यांना भित्रं म्हणणं सोपं आहे, पण मला ते म्हणवत नाही. त्यांनी पुष्कळ भोगलं होतं. अ‍ॅमरसनला मात्र थांबायचं नव्हतं. त्याने पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत विद्यमान गोऱ्या शेरीफला हरवलं, आणि नोव्हेंबरात तो निवडून आला.

अमेरिकेतल्या यादवी युद्धात गुलामगिरी संपली, आणि काही वर्षं कृष्णवर्णीयांना मतदान करता आलं. तो पुनर्रचनेचा काळ संपल्यापासून दक्षिणेत एकही कृष्णवर्णीय शेरीफ निवडून आला नव्हता. अ‍ॅमरसन पहिला.

डिसेंबरात सॅमी यंगच्या खटल्याचा निकाल लागला. ज्यूरीतले सगळे गोरे. आरोपी निर्दोष सुटला. विद्यार्थी संतापून चौकात आले आणि त्यांनी त्या दगडी सैनिकाला काळा रंग फासला. भित्रेपणाची खूण म्हणून पाठीवर पिवळा पट्टा ओढला. गुलामगिरी टिकावी म्हणून लढलेल्या फौजेचा तो सैनिक, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तिथे उभा.

अशा गावात, जानेवारी 1967 मध्ये, अ‍ॅमरसनने छातीवर बिल्ला लावला.

[दृश्य: काउंटीतले कच्चे रस्ते, पाइनची झाडं, एकटी घरं.]

पहिल्याच वर्षी त्याची परीक्षा झाली. एका कृष्णवर्णीय माणसाला मारहाण केल्याच्या आरोपावरून त्याने राज्य पोलिसांतल्या एका गोऱ्या शिपायाला आणि काउंटीतल्याच एका गावच्या पोलीस प्रमुखाला अटक केली. 1967 च्या अलाबामात हे काय होतं, ते याच राज्यातलं सेल्मा गाव आठवलं की कळतं. दोनच वर्षांपूर्वी तिथल्या पुलावर राज्य पोलीस आणि शेरीफ जिम क्लार्कची माणसं मतदानाचा हक्क मागणाऱ्या निःशस्त्र मोर्चावर लाठ्या घेऊन तुटून पडली होती. तो क्लार्कही शेरीफच. 1966 मध्ये मतदारांनी त्यालाही घरी बसवलं.

अ‍ॅमरसनवरही बालंट आलं. तुरुंगातल्या एका कैद्याला मारहाण केल्याच्या आरोपावरून त्याच्यावर आणि त्याच्या मदतनीसावर फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात खटला चालला. ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरवलं. हा प्रसंग मी गाळू शकले असते. पण तुरुंगाची किल्ली ज्याच्या हातात, त्याला जाब विचारला गेलाच पाहिजे, मग तो आपला लाडका का असेना.

याच काउंटीत 1932 पासून सरकारी आरोग्य खात्याने शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना सिफिलिसच्या अभ्यासात ठेवलं होतं. त्यांना रोग काय हे सांगितलं नाही, पेनिसिलिन आल्यावरही ते दिलं नाही. 1972 मध्ये ते उघडकीला आलं, तेव्हा शेरीफ अ‍ॅमरसनच होता. सरकारवर विश्वास ठेवायचं काही कारण इथल्या माणसांना उरलं नव्हतं. तरी दर चार वर्षांनी त्यांनी याच सरकारी माणसाच्या नावापुढे खूण केली. सलग पाच वेळा. वीस वर्षं.

त्याच्यामागून इतर आले. 1970 मध्ये लाउंड्स काउंटीत जॉन ह्यूलेट निवडून आले, आणि ग्रीन काउंटीत, जिथे अ‍ॅमरसनचा जन्म झाला तिथेच, थॉमस गिलमोर. गिलमोर धर्मोपदेशक होते. शेरीफ झाल्यावरही कमरेला पिस्तूल लावत नसत.

[दृश्य: पुन्हा चौक. संध्याकाळ.]

1987 मध्ये अ‍ॅमरसनने पद सोडलं. 1994 मध्ये तो गेला. वीस वर्षं त्याची कोर्टातली ये-जा याच चौकातून होती, त्या दगडी सैनिकासमोरून. सैनिकाचा रंग केव्हाच धुतला गेला. सैनिक तिथेच उभा राहिला.