आश्विनातलं पाणी: शहराच्या किनाऱ्यावर गरवताना

(रत्नागिरीत हौशी मासेमारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मांडवीच्या जेटीवर आणि मिऱ्याच्या बंधाऱ्यावर रोज दिसणारे बरेच चेहरे आज समोर आहेत, त्यामुळे प्रास्ताविक करत नाही. गणपती गेले की आपल्यातल्या प्रत्येकाचे हात शिवशिवायला लागतात. कोणता रॉड, किती नंबरचा तंगूस (गरीची नायलॉन दोरी), कोणत्या रंगाचं ल्यूर (नकली आमिष) यावर आपण तासन्‌तास बोलतो. मला आज पाण्याबद्दल बोलायचंय. आश्विन-कार्तिकात पाणी दर आठवड्याला बदलतं आणि मासा त्याच्यामागे जागा बदलतो.

खाडीपासून सुरुवात करू. पावसाळाभर काजळी नदीचं गढूळ गोडं पाणी भाट्याच्या मुखातून बाहेर पडत असतं. गोडं पाणी हलकं, ते वर राहतं. खारं जड, ते खालून आत शिरतं. सप्टेंबरात ओहोटीला मुखाबाहेर उभं राहून बघा. मातकट पाणी कुठे संपतं आणि हिरवं कुठे सुरू होतं, ती रेघ अगदी स्पष्ट दिसते. तिच्यावर फेस, काटक्या, सुरूच्या काड्या जमलेल्या असतात. बोयांची पिल्लं आणि कोळंबी त्या रेघेच्या आश्रयाला येतात आणि त्यांच्या मागावर जिताडा येतो. पाऊस ओसरला की ही रेघ भरतीबरोबर आत सरकत जाते आणि ऑक्टोबर सरता सरता खाडीत बरीच आत पोचते. गेल्या महिन्यात ज्या दगडावरून मासा लागला त्याच दगडावर माणूस बसून राहतो आणि मासा केव्हाच वर खाडीत गेलेला असतो. मध्येच परतीच्या पावसाची एखादी संध्याकाळ गडगडाटासह झोडपून गेली, की एका रात्रीत रेघ पुन्हा बाहेर. मग दोन-तीन दिवस मुखावरच जावं.

बाहेरच्या समुद्रात आणखी एक गोष्ट चाललेली असते, ती किनाऱ्यावरून दिसत नाही. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यालगत खोलातलं थंड पाणी उथळ भागावर चढतं. त्यात प्राणवायू कमी असतो आणि वर गोड्या पाण्याचा थर झाकणासारखा बसल्यामुळे हवेतला प्राणवायू खाली पोचत नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने या पाण्याचा अनेक वर्षं अभ्यास केला आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात ही टंचाई सर्वांत तीव्र असते. तळाला चारा सोडला तर हाती काही लागत नाही आणि लाटांनी घुसळलेल्या खडपाजवळ मात्र ओढ लागते, याचं एक कारण हे असावं असं मला वाटतं.

भरतीचं गणित तुमच्या घरात आजोबांनी केलेलंच आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर पूर्ण भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. पुढची भरती त्यानंतर साधारण साडेबारा तासांनी. मोबाइलवर मिनिटासकट वेळ मिळते हे खरं, पण पंचांगावरून महिनाभराचा अंदाज एका नजरेत येतो. मुंबईकर मित्रांच्या सांगण्यावर मात्र डोळे मिटून जाऊ नका. त्यांच्याकडे उधाणात पाणी चार मीटर आणि त्याहून जास्त चढउतार करतं, आपल्याकडे साधारण त्याच्या निम्मं, मालवणकडे आणखी कमी. वरळीला जो ओढा भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या दिवसांतही मिळतो, तो आपल्याला उधाणाशिवाय मिळत नाही. म्हणून आपल्याकडे पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागचे तीन-चार दिवस धरावेत. त्यातही भरती लागल्यानंतरचे पहिले दोन तास आणि पाणी उलटल्यानंतरचा पहिला तास. भरती-ओहोटीच्या मधे पाणी थांबलेलं असताना डबा उघडून जेवून घ्यावं.

वाऱ्याचं थोडक्यात सांगतो. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची हवामान खात्याची सरासरी तारीख 8 ऑक्टोबर आहे, आपल्याकडेही त्याच सुमारास. नैर्ऋत्येचा जोर गेला की पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो आणि दुपारी खारा वारा उलटा येतो. पहाटे वारा पाठीशी असतो, फेक लांब जाते, पाणी सपाट असतं. म्हणून पहाट.

आता ज्यासाठी मी आज आलो ते. हे सपाट पाणी फसवं असतं. अरबी समुद्रात वादळांचे दोन मोसम आहेत, एक पावसाळ्याच्या तोंडावर आणि दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबर. फयान 11 नोव्हेंबर 2009 ला अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं, ते अजून आपल्या बंदरांत कुणी विसरलेलं नाही. 2019 च्या दिवाळीतलं क्यार तर किनाऱ्यापासून लांब राहून ओमानच्या दिशेने गेलं, तरीही त्याच्या लाटांनी कोकणचा किनारा झोडपला. डोक्यावर निरभ्र आकाश, वारा नाही, आणि शेकडो मैलांवरून निघालेली लाट आपल्या खडपावर येऊन चढते.

ती ओळखायची कशी? घड्याळ लावा. एक लाट दगडावर फुटल्यापासून दुसरी फुटेपर्यंत किती सेकंद जातात ते मोजा. सहा-सात सेकंद असतील तर ती इथल्याच वाऱ्याची लाट. बारा-चौदा किंवा त्याहून जास्त असतील तर लाट लांबून आलेली आहे. तिची उंची मीटरभर दिसली तरी तिच्यात पाणी खूप असतं आणि ती उतारावर वरपर्यंत चढते. अशा लाटा गटाने येतात. दहा मिनिटं काहीच नाही, मग चार मोठ्या एकामागून एक. म्हणून पाय ठेवण्याआधी निदान वीस मिनिटं लांबून बघायचं आणि दगड कुठपर्यंत ओला आहे ते पाहायचं. ओल्या रेषेच्या खाली उभं राहायचं नाही. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था लाटांची उंची आणि दोन लाटांमधला कालावधी, दोन्हींचा अंदाज देते. उंचीइतकाच कालावधीही वाचा. बंधाऱ्याच्या काँक्रीटच्या टेट्रापॉडवर तर ऑक्टोबरात जाऊच नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. पावसाळ्यातलं हिरवं शेवाळ अजून वाळलेलं नसतं आणि त्या फटीत घसरलेल्या माणसाला वर काढणं फार कठीण असतं. कुठल्याही जिताड्यापेक्षा तुम्ही घरी पोचणं मला महत्त्वाचं वाटतं.

शहराचा किनारा आपल्याला एक सोय देतो, ती म्हणजे दिवे. धक्क्यावरच्या दिव्याखाली बारीक मासळी गोळा होते. नवखा माणूस उजेडात गरी टाकतो. जिताडा आणि तांबोशी उजेड संपतो त्या कडेला, सावलीत थांबतात. चारा उजेडातून सावलीकडे वाहत गेला पाहिजे, म्हणजे आधी प्रवाह कुठे जातोय ते बघून उभं राहावं लागतं.

जिताडा लागला तर कल्ल्याजवळ हात घालू नका, त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते. शिंगाळा माशाचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवा, वेदना उतरते, मग डॉक्टरकडे जा. आणखी एक. जिताडा नर म्हणून वाढतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. 80-90 सेंटिमीटरच्या पुढचे जवळपास सगळे मासे माद्या असतात. पुढच्या पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी अंडी टाकणार त्या याच. मधल्या आकाराचा एखादा घरी न्या, आनंदाने खा. थोराड असेल तो ओल्या हातांनी, आडवा धरून परत सोडा. राज्य सरकारने 2023 मध्ये 54 जातींसाठी किमान आकार ठरवून दिला, तो पिल्लं वाचावीत म्हणून. मोठ्या माद्या वाचवणं मात्र आपल्याच हातात आहे.

शेवटी मच्छीमार बांधवांबद्दल. आपण हौसेला जातो, त्यांचं पोट त्यावर आहे. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) लागलेली असेल तर तिच्या घेरात गरी टाकायची नाही, ती ओढून होईपर्यंत थांबायचं. कुणी पाग (फेकायचं जाळं) घेऊन पाण्यात उतरला असेल तर त्याच्यापासून लांब सरकायचं. तुटलेला तंगूस खिशात घालून घरी आणायचा, तो पायात, बोटीच्या पंख्यात, पक्ष्यांच्या पंखांत अडकतो. आणि मिरकरवाड्याच्या बंदरात बोट लागली की कुणाला तरी विचारा, बाहेर पाणी कसं आहे. मी आजही आधी तेच करतो.