पाण्यातला नेम

मित्रहो, मत्स्यभेदाची गोष्ट आपण कीर्तनांतून ऐकत आलो. खाली प्रतिबिंब पाहायचं आणि वर फिरणाऱ्या माशाचा डोळा फोडायचा. खाजनाच्या, म्हणजे बांध घालून भरतीचं पाणी अडवलेल्या खाडीकाठच्या जमिनीच्या, बांधावरून तळ्यातल्या माशावर बाण सोडणाऱ्यापुढचं कोडं वेगळं आहे. इथे मासा पाण्यात आहे, पण दिसतो तिथे नाही.

पाण्याकडे वळण्याआधी जमिनीवरचं बोलू, कारण नव्वद टक्के नेम तिथेच बिघडतो असं माझं ठाम मत आहे. 2023 मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्याच्या, प्रकारात जागतिक विजेते झाले, तेव्हापासून मुलं उत्साहाने धनुष्य मागतात. फार आनंदाची गोष्ट आहे. पण कंपाउंड धनुष्य पूर्ण ओढलं की चाकांमुळे हातावरचा भार कमी होतो, आणि नेमाला साइट, म्हणजे नेम धरायची खूण, असते. आपल्या साध्या धनुष्यात साइट नाही, आणि भार सर्वांत जास्त असतो तो नेमका पूर्ण ओढीला. म्हणून झेपेल त्याहून जड धनुष्य घेऊ नका. भार पेलवत नसला की हात कापतो, बोटं घाईने सुटतात, आणि हळूहळू लक्ष्य दिसताच बाण सुटायची खोड लागते. ती मोडायला महिने जातात.

त्यावर उपाय आहे. भाताच्या पेंढ्याचा भारा घट्ट बांधा, मागे मातीची भिंत असू द्या. चार पावलांवर उभे राहा. लक्ष्य लावू नका. बोट दरवेळी ओठाच्या त्याच कोपऱ्याला टेकवा, खांद्याची पाती जवळ आणा, डोळे मिटा आणि बोटं सैल सोडा. बाण कुठे लागला हे बघायचंच नाही, हात कुठे थांबला ते जाणवून घ्यायचं. पुढे लक्ष्य लावलं की एक लहानसा ठिपका निवडा आणि बाण रुतेपर्यंत नजर तिथेच ठेवा. बाण बघायला मान उचलली की धनुष्याचा हात खाली येतो.

एवढं करूनही उजव्या हाताने ओढणाऱ्याचे बाण सतत डावीकडे जात असतील, तर बाणाची काडी धनुष्याच्या मानाने फार ताठ आहे का ते तपासा. सुटताना बाण मुठीला वळसा घालून लवतो. ताठ काडी पुरेशी लवत नाही.

आता पाणी. प्रकाश पाण्यातून हवेत येताना वाकतो, त्यामुळे मासा आहे त्याहून वर दिसतो. बाण मात्र जवळपास सरळच जातो. मासा 60 सेंटिमीटर खोल असेल आणि तुम्ही 45 अंशांच्या कोनातून दिसतो तिथेच नेम धरलात, तर बाण त्याच्या सुमारे 22 सेंटिमीटर वरून जाईल. म्हणजे वीतभर. जितकं उभं खाली पाहाल तितकी चूक कमी. म्हणून काठावर वाकून दूर मारण्यापेक्षा उंच बांधावरून जवळचा मासा बरा. पोलराइज्ड चष्म्याने पाण्यावरची चकाकी जाते, पण हा फरक जात नाही. बाटलीत वाळू भरून ती मोजलेल्या खोलीवर बुडवा आणि तिच्यावर सराव करा, म्हणजे नजरेला फसणं कळेल.

बाण लागलेला मासा परत सोडता येत नाही, म्हणून ओळख पटल्याशिवाय बाण नको. पावसाच्या सुरुवातीला चढणीच्या माशांच्या पोटात अंडी असतात, त्यांना जाऊ द्या. स्वतःच्या तळ्यात तिलापिया माजला असेल तर तो खुशाल मारा. नदीत किंवा मानशीपाशी (बांधातल्या पाण्याच्या दारापाशी) उतरण्याआधी मत्स्यखात्याकडे नियम विचारा.

आणि दोरी. मासेमारीचा बाण जड, बिनपिसांचा, दोरी बांधलेला असतो. दोरी बाणाच्या शेपटाला थेट बांधू नका. ती अडकली तर ताणून बाण उलटा तुमच्याच तोंडावर येतो. दोरी बाणावर सरकणाऱ्या कडीला बांधा, आणि सोडण्याआधी ती प्रत्यंचेच्या पुढे मोकळी आहे ना, हे दरवेळी हात लावून पाहा.