न धुतलेलं द्राक्ष

मंडळी, तासगावकडच्या बेदाणा शेडवर वाढलेल्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. तोडणीची घाई करायची नाही. घडात २२-२४ ब्रिक्स, म्हणजे रसात शेकडा तेवढी साखर भरेपर्यंत थांबायचं, मग घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या पाण्यात बुडवून रॅकवर टाकायचे. आमचे आबा नुसता मणी चाखून साखर सांगायचे.

आता आम्ही घरच्या सेंद्रिय बागेतल्या द्राक्षांची फेसाळ वाइन करतो. त्याच आबांना मी म्हटलं, शेनिन ब्लांक, म्हणजे वाइनची पांढरी द्राक्षं, १८-१९ ब्रिक्सलाच उतरवायची. ते बराच वेळ बांधावर बसून राहिले. पण फेसाळ वाइनला आंबटपणाच हवा. फेब्रुवारीत ऊन तापू लागलं की तो झपाट्यानं उतरतो. शिवाय बाटलीत दुसऱ्यांदा आंबवण होतं, तेव्हा अल्कोहोल एका टक्क्याहून जास्त वाढतं. म्हणून मूळ वाइन हलकी लागते. आम्ही जानेवारीत, पहाटेच्या गारव्यात तोडतो.

सेंद्रिय कशासाठी, असं बरेच जण विचारतात. खायची द्राक्षं आपण धुऊन घेतो. वाइनची धूत नाहीत, घड थेट प्रेसमध्ये जातो. सालीवर असेल ते रसात उतरतं. मला एवढं कारण पुरेसं वाटलं.

आता यातला खरा त्रास सांगतो. ऑक्टोबर छाटणीनंतर आपल्याकडे काडीला हायड्रोजन सायनामाईड या रसायनाचं पेस्टिंग करतात, म्हणजे ते लावतात, त्यानं काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटतात. सेंद्रिय बागेत ते चालत नाही. मग फूट मागंपुढं होते, आणि एकाच वेलीवर एक घड तयार, तर दुसरा अजून हिरवागार. मोठ्या बागायतदाराला हे परवडायचं नाही. आमच्या घरची माणसं तीन-चार वेळा बाग फिरून तयार तेवढेच घड काढतात. घरचा व्यवसाय छोटा ठेवण्याचं बळ मला इथं दिसतं. भुरी आणि डाऊनी हे वेलीचे बुरशीचे रोग. भुरीला गंधक चालतं, डाऊनीला मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण. पण बोर्डोतल्या मोरचुदाचं तांबं मातीत साठत जातं, हे सेंद्रियवाल्यांनी विसरू नये. पाऊस नसेल तर फवारणी टाळायची, पानांचा पसारा विरळ ठेवून वारा खेळता ठेवायचा.

बाटलीत भरताना लिटरला २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालतो. त्यातून साधारण ६ वातावरणांइतका दाब तयार होतो, म्हणजे मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. पहिल्या वर्षी साखरेचं माप माझ्या हातून चुकलं, आणि रात्रीत बाटल्या फुटल्या. खोलीभर काच. कुणी आत नव्हतं म्हणून निभावलं. तेव्हापासून वजन दोघांनी करायचं, आणि चेहऱ्यावर जाळी बांधल्याशिवाय कुणी आत जायचं नाही.

पुढचे महिने बाटल्या आडव्या. तळाशी बसलेल्या मेलेल्या यीस्टच्या गाळाची चव वाइनमध्ये मुरते, ताज्या पावासारखी. मग त्या फळीच्या भोकांत तोंड खाली करून रोज थोड्या फिरवायच्या. हे काम आईचं. तिच्या हाताला झटका नसतो, गाळ हळूहळू बुचाशी उतरतो. शेवटी मान गोठवून झाकण काढलं, की दाबानं बर्फाचा खडा गाळासकट बाहेर पडतो.

पहिली बाटली आम्ही भडंगाबरोबर उघडली. तिखट-खारट कुरमुऱ्यावर ती आंबट, बुडबुडती वाइन फार छान लागते, जरूर करून बघा. आबांनी घोटभर घेतली, बोलले काहीच नाहीत. पुढच्या पौषात मात्र सकाळी बागेतून आले, हातात दोन हिरवट मणी. म्हणाले, "औंदा आठ दिवस आधीच धरूया का तोडणी?"