आज्ज्याचे कान

(दृश्य: पहाटेची भुरभुर. कौलांवरून गळणारं पाणी. अंगणात अनवाणी पाय माती तुडवतायत.)

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात या दिवसांत ऊन पडलं तर लोक कामं टाकून बाहेर येतात. आज पडलेलं नाही. माती दोन दिवस भिजली आहे, आता तुडवायची. काका टाचेनं दाबतात. टाचेखाली खडा लागला की थांबायचं, वाकायचं, खडा काढून कुंपणापलीकडे फेकायचा आणि परत तिथूनच सुरुवात. चाळीस वर्षं हेच करणाऱ्या माणसाच्या टाचेला डोळे असतात म्हणे. बघा, आत्ता थांबले.

इथली माती कुंभारकामाची. खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्था खानापुरात आहे ती उगाच नाही. यंदा मात्र या मातीचं मडकं होणार नाही, आणि गणपतीही नाही. गणपती शाडूचा, तो आतल्या खोलीत कापडाखाली बसलाय. ही माती देखाव्याची. मंडळानं ठरवलंय, परग्रहावरचा माणूस करायचा. आपल्यासारखेच दोन हात, दोन पाय, पण आयुष्य सहाशे वर्षांचं.

(दृश्य: दोनशे पानी वही. पेन्सिलीनं काढलेली मानवी आकृती, बाजूला आकडेमोड.)

कल्पना विज्ञानाच्या सरांची. त्यांनी वहीत नाव लिहिलंय 'चिरायू', आणि ते वहीतच राहिलं. पोरं पहिल्या दिवसापासून त्याला आज्जा म्हणतात. मराठीत आज्जा, कन्नडमध्ये अज्जा. पाटी दोन्ही भाषांत रंगवायची होती. 'पेशी'ला तिकडे 'जीवकोश' शोधावा लागला, पण आज्ज्याला शोधाशोध लागली नाही.

सरांची अट एकच. मनाला येईल ते चालणार नाही. आज्ज्याच्या अंगात जे जे असेल, ते पृथ्वीवरच्या कुठल्या तरी जिवात असलंच पाहिजे.

सुरुवात हृदयापासून. आपलं हृदय मिनिटाला 70 ठोके धरलं तर वर्षाला 3 कोटी 68 लाख. 80 वर्षांत साधारण 294 कोटी. आता तेवढ्याच ठोक्यांत सहाशे वर्षं काढायची असतील तर? पोरांनी मोबाइलवर भागाकार केला. मिनिटाला 10 ठोके दिले, तर सहाशे वर्षांचे 315 कोटी होतात. म्हणजे आपल्यापेक्षा फार जास्त नाही. आज्जा काटकसरी निघाला.

पण इतक्या सावकाश चालणाऱ्या हृदयावर माणूस उभा तरी राहील का? निळ्या देवमाशाचं हृदय खोल बुडी मारताना मिनिटाला दोन ठोक्यांपर्यंत उतरतं, 2019 मध्ये ते मोजलं गेलंय. पण ते हृदयही देवमाशाचं, एका ठोक्यात पुष्कळ रक्त ढकलणारं. म्हणून आज्ज्याची छाती रुंद. रुंद छातीचं आणखी एक कारण आहे, ते पुढं दिसेलच.

(दृश्य: बांबूचा सांगाडा. भाताचा पेंढा, सुतळी, गोणपाट. मग मातीचा पहिला थर.)

सांगाडा बांबूचा. त्याला पेंढा गुंडाळायचा, सुतळीनं आवळायचा, वर गोणपाट, आणि मग माती. पहिला थर हातानं थापायचा नाही, मारायचा. गोणपाटाच्या छिद्रांत माती शिरली पाहिजे. दुसऱ्या थराला भाताचा तूस मिसळलेला. तिसरा थर गाळलेल्या मातीचा, लोण्यासारखा. काका बोटाला पाणी लावून हनुवटी ओढतात आणि एका क्षणात तिथं कुणीतरी येतं. साच्यातून काढलेल्या पुतळ्यात हे होत नाही. बाजारात फायबरचे तयार पुतळे भाड्यानं मिळतात, रंगवून, दिव्यांसकट. त्यांना हनुवटी असते, पण ती कुणाचीच नसते.

(दृश्य: संध्याकाळ. देवळाच्या शिखराभोवती वटवाघळं.)

सर पोरांना बाहेर घेऊन येतात. दीर्घायुष्याचा नमुना हवा तर वर बघा. उंदराएवढा जीव, पण सारख्या वजनाच्या न उडणाऱ्या सस्तन प्राण्यापेक्षा सरासरी साडेतीनपट जगतो. सैबेरियात खूण करून सोडलेलं एक वटवाघूळ 41 वर्षांनी परत सापडलं, वजन जेमतेम 7 ग्रॅम. आणि वटवाघळांसाठी सैबेरियाला जायचं कारण नाही. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतली वटवाघळाची एक जात 1913 मध्ये विज्ञानाला पहिल्यांदा कळली ती याच तालुक्यातून. आता तो भाग भीमगड अभयारण्यात येतो. पोरांतल्या निम्म्यांनी गुहेचं नाव आजच ऐकलं.

वटवाघळाच्या अंगात विषाणू असतात, तरी शरीर त्यांच्यावर सारखं पेटून उठत नाही. दाह आवरता येणं हे दीर्घायुष्याच्या भांडवलांपैकी एक. आज्ज्यानं ते उचललं.

(दृश्य: सर एक शिसपेन्सिल टोकयंत्रात फिरवतायत. मुलं भोवती.)

पेशींचं काय? 1961 मध्ये हेफ्लिक आणि मूरहेड यांनी दाखवलं की माणसाची साधी पेशी काचेच्या बशीत चाळीस ते साठ वेळा विभागते आणि थांबते. प्रत्येक वेळी गुणसूत्राचं टोक थोडं झिजतं. सर पेन्सिल टोकतात. लिहायला टोक लागतं, आणि टोक काढलं की पेन्सिल आखूड. सहाशे वर्षं लिहायचं तर पेन्सिल वाढवत राहावी लागेल. तसं विकर, म्हणजे एन्झाइम, आहे, टेलोमरेज त्याचं नाव. टोकांच्या या संशोधनाला 2009 चं नोबेल मिळालं.

एका पोरानं विचारलं, मग ते आपल्यात का चालू नाही? हा प्रश्न कॅमेऱ्यात आला हे आमचं नशीब. कारण उत्तर इथंच आहे. बहुतेक कर्करोगाच्या पेशी हेच विकर चालू करून अमर होतात. पेन्सिल वाढवायची परवानगी दिली की कुणीही भिंतीवर लिहायला मोकळा.

म्हणून आज्ज्याला राखणदार हवा, आणि तो हत्तीकडून आला. दांडेलीच्या बाजूनं भातात उतरणारा हत्ती इथल्या शेतकऱ्याला नवा नाही. त्याच्या अंगात माणसाच्या कितीतरी पट पेशी, तरी कर्करोग कमी. बिघडलेल्या पेशीला मरायला लावणाऱ्या एका जनुकाची माणसाकडे एक जोडी असते. हत्तीकडे तशा सुमारे वीस जोड्या. पाटीवर हे दोन ओळींत बसवलं. हत्तीचं चित्र मोठं काढलं, ते सगळ्यांना आवडलं.

(दृश्य: काका चेहऱ्यावर काम करतायत. जवळून: गालावर बारीक तडे.)

पावसात माती नीट वाळत नाही. वरून वाळते, आतून ओली राहते, आणि मग तडे. खाली शेगडी ठेवली, वर दोनशेचा बल्ब लावला, तरी तिसऱ्या दिवशी सगळा गाल फाटला. काका म्हणाले, बरं झालं, सुरकुत्या फुकटात मिळाल्या.

सर म्हणाले, सुरकुत्या नकोत.

दोघांचं इथं चांगलंच वाजलं. काकांचं म्हणणं, सहाशे वर्षांचा आज्जा म्हातारा दिसणार नाही तर काय बाळंतविड्यातला दिसणार? सरांचं म्हणणं, म्हातारपण लांबवून सहाशे वर्षं होत नाहीत, तारुण्य लांबवावं लागतं. आफ्रिकेतला बिनकेसाचा उंदीर तीस वर्षांच्या वर जगतो, घरातला उंदीर दोन-तीन. त्या बिनकेसाच्या उंदराचं वय वाढलं म्हणून त्याच्या मरण्याची शक्यता वाढत जात नाही. ऐन पंचविशीतही तो तसाच खणतो.

ओट्यावर बसलेल्या आजींनी तोड काढली. त्या म्हणाल्या, "अश्वत्थामा पण जगायलाय की रे अजून. कपाळाची जखम घेऊन तेल मागत फिरतोय. तसलं जगून काय करायचं?" सरांनी वही उघडून लिहून घेतलं: जखम भरणे. आणि काकांनी गाल परत लिंपला. डोळ्यांच्या कडेचे दोन तडे मात्र ठेवले. ते कुणी मोजले नाहीत.

डोळ्यांवर एक दिवस गेला. आपल्या डोळ्याच्या भिंगाचा गाभा जन्माआधी तयार होतो आणि शेवटपर्यंत तोच राहतो. ग्रीनलंडच्या शार्कचं वय त्याच गाभ्यातल्या कार्बनवरून काढलं, सगळ्यात मोठीचं 392 वर्षं, 120 इकडे तिकडे. तेच भिंग सहाशे वर्षं वापरलं तर आज्जा मोतीबिंदूनं आंधळा. न्यूट नावाचा एक बेडकाचा भाऊबंद काढून टाकलेलं भिंग पुन्हा उगवतो. आज्जाही उगवतो. काकांनी बुबुळाला काचेची गोटी बसवली, आणि पोरांनी ती शंभर वर्षांनी बदलायची अशी चिठ्ठी मागं चिकटवली.

दातांना एवढा वेळ मिळाला नाही. हत्तीच्या दाढा सहा वेळा येतात, आज्ज्याच्या येतच राहतात. तोंड बंद ठेवलं.

(दृश्य: कान. जवळून. काकांचा अंगठा पाळीवरून खाली सरकतोय.)

आता कान. 1995 मध्ये इंग्लंडमधल्या एका डॉक्टरांनी 206 जणांचे कान पट्टीनं मोजले. तिशीनंतर कान वर्षाला 0.22 मिलिमीटर लांबत जातो. सहाशे वर्षांचे झाले 13 सेंटिमीटर, आणि मूळचे सहा धरा. वीतभर कान. काकांनी आकडा ऐकला आणि फक्त बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिराचं नाव घेतलं. 1204 सालची ती बस्ती, आत काळ्या दगडाचे नेमिनाथ. खांद्याला टेकणारे कान काकांनी लहानपणी तिथं पाहिलेले. जैन परंपरा नेमिनाथांचं आयुष्य एक हजार वर्षं सांगते. पट्टी न लावता कुणीतरी हिशेब बरोबर काढला होता म्हणायचा.

या अंगठ्याकडे बघत राहा. पाळी एका दमात खाली येते. मध्ये थांबलं तर सांधा दिसतो.

(दृश्य: मोटर, सायकलची चेन, दात असलेली चाकं. बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यात काम करणारा मुलगा, हाताला ग्रीस.)

छाती हलली पाहिजे, तरच देखावा. मोटर वायपरची, मंडळाच्या चिटणिसांच्या टेम्पोतून काढलेली. ती मिनिटाला साधारण 45 फेऱ्या मारते, आज्ज्याला हवेत 10. उद्यमबागेत लेथवर असणारा पोरगा रविवारी गावी येतो, त्यानं भंगारातून दोन सायकलींची चाकं आणली. 18 दाती चाकानं 44 दाती चाक फिरवायचं, आणि हेच पुन्हा एकदा. हे सगळं छातीच्या आत बसवायचं. रुंद छातीचं दुसरं कारण हेच.

चालू केलं. घड्याळ लावलं. साडेसात.

परत मोजलं. साडेसातच. दहा आणायचे तर वेगळ्या दातांची चाकं हवीत, आणि चतुर्थी चार दिवसांवर. सरांनी वही काढली. मिनिटाला साडेसात ठोके असतील तर तेवढ्याच 315 कोटी ठोक्यांत आयुष्य होतं बरोबर आठशे वर्षं. पाटीवरच्या 600 चा 800 झाला, रंग ओला असतानाच. सायकलच्या दातांनी आज्ज्याला दोनशे वर्षं वाढवून दिली.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं: कान.

आठशे वर्षांचे साडेसतरा सेंटिमीटर. म्हणजे प्रत्येक पाळी साडेचार सेंटिमीटर खाली यायला हवी. काका म्हणाले, कान वाळले. सर म्हणाले, हिशेब आहे. काका म्हणाले, हिशेब वहीत ठेवा, ओली माती वाळलेल्या मातीला धरत नाही, गळून पडेल. वहीत आता एक टीप आहे: या जातीत कानांची वाढ वर्षाला 0.16 मिलिमीटर असावी. विज्ञानात असं करत नाहीत. पण ती टीप लिहिताना सरांचा चेहरा आमच्याकडे आहे, तो बघा.

(दृश्य: मांडव. गर्दी. छाती हळूहळू वर येते, थांबते, खाली जाते.)

अकरा दिवस लोक आले. आठ सेकंदांनी एकदा छाती हलते हे पहिल्यांदा कळतच नाही. लोक पुढं सरकायला लागतात आणि मग मागून कुणीतरी म्हणतं, थांब, हलला.

इतकी वर्षं जगणाऱ्यांना पोरं किती, ती केव्हा व्हायची, आणि सगळेच जगले तर गाव कुठं पुरायचं, हे पाटीच्या शेवटच्या ओळीत होतं. ग्रीनलंडची शार्क दीडशे वर्षांची झाल्यावर वयात येते, एवढंच तिथं लिहिलं. जागा संपली होती. वर्गणी खर्चाला पुरली नाही. पुढच्या वर्षी डॉल्बी की देखावा, त्याची बैठक दिवाळीनंतर.

बाहेरगावाहून आलेल्या एका आजींनी आधी आज्ज्यालाच हात जोडले, मग गणपतीला. कुणी त्यांना सांगायला गेलं नाही.

(दृश्य: विसर्जनानंतरची सकाळ. रिकामा मांडव. काका सांगाड्यावरून माती उतरवतायत.)

माती वाया जात नाही. रंगाचा पापुद्रा खरवडून काढायचा, तूस लागलेली ढेकळं वेगळी, बाकीची परत हौदात. पाणी सोडलं की आधी बुडबुडे येतात, मग कडा सुटतात. छातीला वेळ लागला. कान लगेच गेले.

गोट्या पोरांनी वाटून घेतल्या. मोटर टेम्पोत परत बसवली. पाऊस चालूच होता, आणि चिटणीस अकरा दिवस एका हातानं काच पुसत बेळगावला ये-जा करत होते.