दशांशाचं टिंब दिसलं पाहिजे

(सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या मशीनचे प्रोग्राम कसे वाचावेत यावर वडोदऱ्यात तरुण सेटर-प्रोग्रामर मंडळींपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, एका तुटलेल्या टॅपपासून, म्हणजे भोकात आटे पाडणाऱ्या हत्यारापासून सुरुवात करतो. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये मी प्रोग्रामिंग करायचो. एम८ चे, म्हणजे ८ मिलिमीटरच्या बोल्टसाठी आटे पाडायचे होते, आधी ६.८ मिलिमीटरचं ड्रिल आणि मग टॅप. प्रोग्राम कित्येक महिने चाललेला होता. एका संध्याकाळी ड्रॉइंग बदलून आलं, भोक थोडं खोल हवं होतं. मी नोटपॅड उघडलं, जी८३ च्या, म्हणजे भोक पाडायच्या आज्ञेच्या ओळीतला खोली सांगणारा 'झेड-२२.' खोडून 'झेड-२५' केला, प्रोग्राम मशीनवर चढवला आणि घरी गेलो. पंचविसापुढचं टिंब राहून गेलं.

त्या कंट्रोलवर, म्हणजे मशीन चालवणाऱ्या संगणकावर, टिंब नसलेला आकडा मायक्रॉनमध्ये, मिलिमीटरच्या हजाराव्या भागात धरला जातो. २५ मिलिमीटरचे २५ मायक्रॉन झाले. ड्रिल खाली आलं, जेमतेम ठिपका उमटवून वर गेलं. अलार्म नाही, काही नाही, कारण मशीनच्या दृष्टीने आज्ञा बरोबर होती. मग टॅप पूर्ण खोलीला निघाला आणि भरीव लोखंडावर आदळून तुटला. बोलणी खाल्ली रात्रपाळीच्या ऑपरेटरने. सकाळी ती फाइल मी दोनदा वाचली, आणि दोन्ही वेळा ते टिंब माझ्या नजरेतून सुटलं. हे मला अजून टोचतं.

आपण मायक्रोमीटर, बोअर गेज जपून ठेवतो, कॅलिब्रेशनला पाठवतो. प्रोग्राम मात्र ज्यात सगळी अक्षरं सारखी काळी दिसतात, त्यात वाचतो. आणि ही भाषा वाचायला अवघड आहे. एकदा जी९१ लागला की पुढची प्रत्येक हालचाल आहे तिथून मोजली जाते, ती जी९० येऊन मोजणी पुन्हा ठरलेल्या शून्यापासून सुरू होईपर्यंत. डोळ्यांसमोर असते एक ओळ, पण तिचा अर्थ चाळीस ओळी वर ठरलेला असतो. चांगल्या एडिटरमध्ये, म्हणजे प्रोग्राम लिहायच्या-वाचायच्या सॉफ्टवेअरमध्ये, जी०० (न कापता भरधाव जाणं, म्हणजे रॅपिड) एका रंगात, जी०१ (कापत सरळ जाणं) दुसऱ्या, कंसातली टीप तिसऱ्या रंगात दिसते. शून्य आणि इंग्रजी 'ओ' वेगळे ओळखू येतात. टिंब नसलेले आकडे एका शोधात सापडतात. टूलचा मार्ग रेषांनी काढून दाखवला, तर माझं ते ड्रिल पृष्ठभागावरच थांबलेलं दिसलं असतं. ३० मीटर प्रति मिनिट रॅपिड म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर. थांबवायच्या बटणापर्यंत हात जायला ०.२ सेकंद जरी लागले, तरी तेवढ्यात टूल १०० मिलिमीटर पुढे गेलेलं असतं. चूक पडद्यावरच सापडली पाहिजे, ती यासाठी.

तरी माझ्या मते सगळ्यात मोठी सोय म्हणजे दोन फाइली शेजारी ठेवून ताडून बघणं. चाललेला प्रोग्राम डावीकडे, बदललेला उजवीकडे. हजार ओळींतल्या ज्या बदलल्या तेवढ्याच उठून दिसतात. आपण एक ओळ बदलली असं समजत असतो आणि तीन रंगलेल्या दिसतात, असं मी स्वतः किती वेळा पाहिलंय! बदलांची संख्या आधी तोंडाने सांगायची, मग पडद्यावर मोजायची. हे मी आजही करतो.

टिपांबद्दल थोडं. जुन्या कंट्रोलची मेमरी भोकं पाडलेल्या कागदी टेपच्या मीटरमध्ये सांगत; ८० मीटर म्हणजे सुमारे ३२ हजार अक्षरं. जागा वाचवायची म्हणून लोक टिपा, मोकळ्या जागा, ओळींचे नंबर काढून टाकत. मेमरी वाढली, सवय गेली नाही. १८९० साली सयाजीराव महाराजांनी याच शहरात कलाभवन ही तंत्रशाळा काढली. कारागिराला विद्या त्याच्या भाषेत मिळावी हा त्यामागचा विचार होता. आपण निदान कंसात लिहूया: हे टूल कशासाठी, जॉब (ज्यावर काम करायचं तो तुकडा) कुठे टेकवायचा, ही खोली का बदलली. बऱ्याच कंट्रोलवर देवनागरी उमटत नाही, तर रोमन अक्षरांत लिहा, पण रात्री दोन वाजता त्या मशीनवर जो उभा असेल त्याला कळेल असं.

एडिटरला काय कळत नाही, तेही सांगतो. जी५४ मध्ये, म्हणजे जॉबचं शून्य कुठे धरायचं त्या नोंदीत काय भरलंय, टूलची लांबी कोणी चुकीची घातली, हे मशीनमध्ये असतं, फाइलमध्ये नसतं. पॅरामीटर, म्हणजे कंट्रोलमधलं सेटिंग वेगळं असेल तर शेजारच्याच मशीनवर टिंबाविना २५ म्हणजे २५ मिलिमीटरही होऊ शकतात. ड्राय रन (न कापता प्रोग्राम चालवून बघणं), सिंगल ब्लॉक (एकेक ओळ थांबून चालवणं) आणि रॅपिड ओव्हरराइडवरचा (भरधाव वेग कमी करायच्या बटणावरचा) हात हे सुटत नाही.

आता दिवे जरा मंद करा. डावीकडे त्या दिवसाची सकाळची फाइल आहे, उजवीकडे मी संध्याकाळी बदललेली. रंग मी मुद्दाम बंद ठेवलेत. मागच्या रांगेपासून सुरुवात करूया, कोणाला फरक दिसतोय?