तांदळाच्या डब्यातला हत्ती

(पडद्यावर फक्त एक सोंड. बाकी सगळं धूसर. पहिले दहा सेकंद आवाज नको.)

ओळखा कोण आहे.

सोंडेला मध्येच कोपरासारख्या वाकलेल्या दोन मिशा फुटल्यात, मानेमागे सगळीकडे बारीक बारीक खड्डे, टिकाव मारून ठेवल्यासारखे, आणि रंग म्हणाल तर जुन्या सागवानी कपाटाचा. जंगलातला वगैरे नाहीये हा. हा आमच्या स्वयंपाकघरातला टोका. तांदळाच्या डब्यात सापडतो ना, आणि आई "मेले टोके झाले परत" म्हणत अख्खा डबा गच्चीत उन्हात ओतते, तोच. लांबी जेमतेम तीन मिलिमीटर. ह्याच्या पाठीवर चार तांबूस ठिपके असतात हे मला इतकी वर्षं भात खाऊन गेल्या पावसाळ्यात कळलं.

आत्ता तो हलत नाहीये. मेलेला नाही. ह्याला जरा धक्का लागला की हा सहाही पाय पोटाशी घेऊन मेल्याचं सोंग करतो आणि पडून राहतो. तो सोंग सोडेपर्यंत आपल्याकडे वेळ आहे, तोवर हे सगळं कसं शूट केलं ते दाखवतो.

हा आमचा ओटा. रात्रीचे अकरा, कारण तोपर्यंत ओटा मिळत नाही. कॅमेरा साधाच आहे, सेकंडहँड. लेन्स 28 एमएमची, जुन्या बाजारात बुधवारी मिळाली, आणि नीट बघा, ती उलटी लावलीये. जी बाजू जगाकडे असायला हवी ती कॅमेऱ्याकडे आणि कॅमेऱ्याची बाजू किड्याकडे. त्यासाठी मध्ये एक रिंग लागते, तीन-चारशे रुपयांत येते. मागे ह्या काळ्या नळ्या आहेत ना, त्यांच्यात काच वगैरे काही नाही, नुसत्या पोकळ कड्या आहेत, लेन्स सेन्सरपासून, म्हणजे कॅमेऱ्यात फोटो उमटतो त्या चिपपासून, लांब नेली की वस्तू मोठी दिसते एवढंच त्यांचं काम. ह्या जुगाडातून किडा सेन्सरवर त्याच्या खऱ्या मापाच्या चौपट मोठा पडतो. लेन्स त्याच्यापासून दोन-तीन बोटांवर. लेन्स उलटी असल्यामुळे तिचं कॅमेऱ्याशी बोलणं बंद, म्हणजे ऑटोफोकस नाही, अॅपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं लेन्समधलं भोक, हाताने फिरवायचं आणि ते बारीक केलं की व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार. मग हा टॉर्च.

फोकस रिंग फिरवायचीच नाही इथे. आपणच पुढे-मागे व्हायचं, श्वास सोडत सोडत. कारण एवढं मोठं केल्यावर फोटोत जेवढा भाग शार्प येतो त्याची खोली झेरॉक्सच्या कागदाच्या जाडीएवढी असते. सोंडेचं टोक शार्प आलं तर डोळा गेला, डोळा पकडला तर सोंड गेली. अॅपर्चर अजून बंद करून बघू म्हणाल तर थोडा फायदा होतो आणि मग सगळाच फोटो मऊ, म्हणजे जरासा धूसर पडतो, ते मी करून बसलोय.

उजेडासाठी फ्लॅश, आणि फ्लॅशच्या तोंडावर हा चिप्सचा डबा कापून त्याला बटर पेपर लावलाय. ह्याच्यावर घरात सगळ्यात जास्त हसून झालंय. पण बटर पेपर काढला की काय होतं बघा, डावीकडचा फोटो, पाठीवर पांढरे चट्टे, एकही खड्डा दिसत नाही. उजवीकडे बटर पेपरसकट. बस.

(जुनं चित्र, मुंगी. सावकाश झूम.)

हे चित्र 1665 सालातलं. लंडनच्या रॉबर्ट हूकने मायक्रोस्कोपमधून बघून काढलेल्या चित्रांचं पुस्तक आलं त्यातली ही मुंगी. हूकचा प्रॉब्लेम आपलाच होता, मुंगी एका जागी थांबेना. पाय मेणात किंवा गोंदात अडकवले तर ती अंग पिरगाळायची, मारली तर आक्रसून जायची. शेवटी त्याने तिला ब्रँडीत बुडवून ठेवलं. खरंच. बाहेर काढल्यावर ती तासभर पडून राहिली आणि मग उठून पळून गेली!

आज ब्रँडीच्या जागी फ्रीज आलाय. किडा डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवायचा, गारठला की पानावर मांडायचा, वर स्प्रेने पाण्याचे थेंब मारायचे आणि खाली लिहायचं "पहाटेचं दव". काही जण सरळ गोंदाने चिकटवतात. ह्यात किडे मरतात, फोटोत ते कळत नाही. आता टेकडीवर जाऊ.

(पुण्यातली वेताळ टेकडी, सकाळ. चालतानाचा आवाज राहू दे.)

ऑक्टोबर, सव्वासहा. गवत पिवळं पडायला लागलंय आणि पँट गुडघ्यापर्यंत भिजलीये. इथे फ्रीजची गरज नाही कारण रात्रभराच्या गारव्याने सगळे आपोआपच गप्प बसलेले असतात, ऊन अंगावर येईपर्यंत. तेवढाच वेळ आपला.

हा बघा. आता जवळून.

हा नीलपट्ट्यांच्या मधमाशीतला नर, आणि हा झोपलाय. कसा झोपलाय ते बघा, काडीला जबड्याने घट्ट चावून, पाय जवळजवळ सोडून दिलेले. रात्रभर असाच. पोटावरच्या निळ्या पट्ट्या, डोळ्यांवर दव, प्रत्येक थेंबात उलटी टेकडी. ह्यांच्यातला प्रत्येक जण एकेकटा, पोळं नाही, राणी नाही. पण संध्याकाळी हे नर एकाच काडीवर चार-पाच जण ओळीने येऊन टांगतात, लोकलच्या कडीला धरल्यासारखे.

हा फोटो एक फोटो नाहीये. चौतीस आहेत. पहिल्यात मिशीचं टोक शार्प, शेवटच्यात पंखाचं मूळ, मधले सगळे कागदाच्या जाडीने पुढे पुढे सरकत घेतलेले, आणि घरी सॉफ्टवेअरमध्ये ह्यातला शार्प तेवढा भाग उचलून एकावर एक बसवलेला. ह्यासाठी काडी हलून चालत नाही, म्हणून काडीला खाली, माशीपासून वीतभर लांब, हा कपड्यांचा चिमटा. चिमटा काठीला बांधलाय, काठी जमिनीत. ह्या सगळ्या उद्योगात माशीला एकदाही हात लावलेला नाही. तेराव्या फ्रेमला वारा आला, परत पहिल्यापासून. परत वारा. तिसऱ्यांदा मीच शिंकलो.

ह्यांच्या माद्या जमिनीत बिळं करून राहतात, आणि फुलाला धरून अंग थरथरवून पराग झाडून काढतात, वांग्या-टोमॅटोच्या फुलांना तसंच लागतं. ह्या टेकडीवरून रस्ता आणि पोटातून बोगदे न्यायचे प्रस्ताव आहेत, लोकांचा विरोधही आहे. ऊन आलं. हा शॉट पूर्ण बघा, कापलेला नाही. आधी एक पाय, मग मिशा पुसणं, मग पंखांची थरथर.

(उडतो. रिकामी काडी, पाच सेकंद.)

परत ओट्यावर. घड्याळ बघा, अकरा सत्तावीस. कॅमेरा आता स्टँडवर, मी हात बांधून उभा. ह्या पावसात लेन्समध्ये बुरशी शिरली होती, कोपऱ्यात जो धुरकट डाग दिसतोय तो तिचाच, तेव्हापासून लेन्स सिलिका जेलच्या पुड्या टाकून हवाबंद डब्यात असते. तो डबाही स्वयंपाकघरातलाच, विचारून घेतलेला नाही.

एक पाय हलला. डावीकडचा, मागचा.

सोंड वर. मिशा. उठला.

(टोका फ्रेमच्या बाहेर चालत जातो. मागून आईचा आवाज, रेकॉर्डिंगमध्ये आलाय तसाच ठेवा: "आणि सोडलास कुठे तो?")